माईंच्या जीपचे मागचे पाटे

माई, तुम्हाला जाऊन महिना व्हायचा आहे आणि मला अजून धड रडू आलेलं नाही. येतो तो रागच. भेटायला बायका येतात, माझा हात हातात घेऊन बसतात आणि सांगतात, माई म्हणजे अगदी गरीब गाय, कधी कोणाला उलट शब्द नाही. मी मान डोलावते. मनात म्हणते, बायांनो, तुम्ही चुकून दुसऱ्या घरी आलात. आमच्या माईंनी एका जीपवरून माझ्याशी महिनोन्महिने वाद घातला, माझा हात मोडला, आणि शेवटपर्यंत एक वाक्य म्हणून तोंडातून काढलं नाही.

ते वाक्य कुठलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही या घरात मोठी सून होऊन मुरलेल्या होतात. तुमचे यजमान, आमचे दादा, मुंबईला बंदरात नोकरीला. माझे हे मुंबईलाच एका कचेरीत. दोघे भाऊ गणपतीत यायचे आणि मे महिन्यात यायचे. बाकी वर्षभर घर, गोठा आणि कातळसड्याच्या उतारावरची हापूसची कलमं तुमच्या-माझ्यावर. झाडावरचा आंबा एकगठ्ठा घेणारा व्यापारी दर वर्षी यायचा, पडवीत बसायचा, आणि दादांना पत्र घाला असं सांगून उठायचा. तुमच्याशी बोलणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याच्या तोंडाकडे बघूनच तुम्ही ठरवलं होतंत की आंबा आपणच पेट्या भरून रत्नागिरीला न्यायचा आणि तिथे मुंबईच्या ट्रकवर चढवायचा.

त्यासाठी दादांनी एका सरकारी लिलावातून जुनी जीप आणली. खाकी रंगावर हिरवा रंग मारलेली, दारं नसलेली, ताडपत्रीचं छप्पर. सोबत एक ड्रायव्हर ठेवून दिला. तो एक हंगामही टिकला नाही, त्याला मस्कतचा व्हिसा आला. जायच्या आधी तुम्ही त्याच्याकडून सड्यावरच्या सपाटीवर गाडी शिकून घेतलीत. पदर कमरेला खोचून, चपला काढून ठेवून. मी बाजूच्या सीटवर लोखंडी दांडा धरून बसलेली. वाडीतली माणसं गुरं सोडून बघायला उभी राहायची. कोणीतरी दादांना कळवलं. दादांचं पत्र आलं, हे काय ऐकतो आहे. तुम्ही उत्तर धाडलंत, बरोबर ऐकलंत.

इथपर्यंत मला तुमचा अभिमानच होता. पुढे जे झालं त्याचा वैताग आहे.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तुमच्या डोक्यात आलं की पेट्या भरल्या की जीपची मागची बाजू फार बसते. बसत होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही रत्नागिरीला गफूरमिस्त्रींच्या गॅरेजात गाडी नेलीत आणि मागच्या बाजूला स्प्रिंगचे जादा पाटे घालायला सांगितलंत. गफूरमिस्त्री म्हणाले, एवढे नकोत माई, एक घालून बघू. तुम्ही म्हणालात, घाला म्हटलं ना. गॅरेजात चारचौघे पुरुष उभे होते आणि त्यांच्यासमोर तुम्ही फिटरला हुकूम सोडत होतात, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. जीप बाहेर आली ती शेपूट वर करूनच. तुम्ही एकदा तिच्याभोवती फिरून म्हणालात, "आता कशी उभी राह्यली बघ."

हंगाम चांगला गेला. पेट्यांची चळत मागे, पेंढ्याचा वास, आणि जीप शहाण्यासारखी सरळ. कटकट सुरू झाली ती आंबा संपल्यावर.

रिकाम्या जीपला काय झालं ते मी बाजूला बसून बघत होते. स्टिअरिंगला बोट लागलं की गाडी तिकडे पळायची. सरळ रस्त्यावरसुद्धा तुम्ही क्षणभर हात सैल सोडू शकत नव्हतात. वळण घेऊन झालं की चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत, ती व्हायची नाहीत; तुम्हालाच ओढून आणावी लागायची, आणि ओढताना थोडं जास्त झालं की गाडी उलट्या अंगाला. सड्यावर वारं असलं तर आपण दोघी टोपलीत बसल्यासारख्या हलत जायचो. घरी पोचलो की तुमचे हात खांद्यापासून दुखायचे. मी तेल चोळून द्यायचे आणि तुम्ही म्हणायचात, स्टिअरिंगमध्ये काहीतरी आहे.

मग तुम्ही ते काहीतरी शोधायला लागलात, आणि तुम्ही शोधायला लागलात म्हणजे मला सुटका नव्हती. आधी टायरमधली हवा वाढवली. गाडी आणखी नाचरी झाली. मग कमी केली. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. मग गफूरमिस्त्रींनी पुढच्या सांध्यांतले झिजलेले भाग बदलले. मग स्टिअरिंगचा बॉक्स आवळला. त्याने ते इतकं घट्ट झालं की वळवलं की तिथेच राहायचं. मग तो परत सैल केला. प्रत्येक वेळी आपण आपलं काम बुडवून गॅरेजच्या बाकड्यावर बसायचं, प्रत्येक वेळी मिस्त्री गाडी फिरवून आणायचे, आणि प्रत्येक वेळी खाली उतरून म्हणायचे, "माई, गाडीत काय नाय. माझ्या हातात सरळ चालते. तुमचा हात जरा हलका पडतो."

हे तुमच्या जिव्हारी लागायचं. मला दिसायचं. परत येताना जाकादेवीच्या नाक्यापर्यंत तुम्ही गिअर दाणदाण टाकायचात.

माझा हात मोडला तो असाच परत येताना. उतार होता, समोरून एसटी आली. तुम्ही बाजू द्यायला चाक जरासं डावीकडे घेतलंत. जीप जरासं न जाता उडीच मारल्यासारखी गेली. तुम्ही उजवीकडे ओढलीत, ती उजवीकडे धावली, पुन्हा डावीकडे, आणि मग चरातून उसळून कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर. तुम्हाला खरचटलंही नाही. माझा उजवा हात दांड्यावर आपटून कोपराखाली मोडला. एसटीतली माणसं उतरली. त्यांनी मला उचललं, तुम्हाला पाणी दिलं, आणि गाडी कोण चालवत होतं ते कळल्यावर एकमेकांकडे बघितलं. कोणी काही म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं असं मला अजून वाटतं. म्हणजे तुम्ही उत्तर तरी दिलं असतंत.

दादा तातडीने मुंबईहून आले. माझ्या हाताचं प्लास्टर बघितलं, जीपचा चेपलेला मडगार्ड बघितला आणि पडवीत बसून म्हणाले की दिवाळीला गाडी विकायची. ते ओरडले नाहीत. घाबरले होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. म्हणालात, "गाडीत दोष आहे. माझ्या हातात नाही." दादा म्हणाले, मिस्त्री तर काही नाही म्हणतो. तुम्ही म्हणालात, मी दोष शोधून दाखवत्ये, मग काय ते ठरवा. आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसलात.

गाडी गेली असती तर पडवीत पुन्हा तो व्यापारी येऊन बसला असता. हे त्या घरात आपल्या दोघींशिवाय कोणाला कळत नव्हतं.

प्लास्टर होतं तोवर माझी वेणी तुम्ही घालत होतात. तुमच्यासारखी वाईट वेणी घालणारी बाई मी बघितली नाही. गुंता दिसला की फणी तशीच खाली ओढायचात. डोळ्यांत पाणी यायचं. रोज सकाळी मला मागच्या दारी पाटावर बसवायचं, अंगावर पाणी घालायचं, लुगड्याच्या निऱ्या करून द्यायच्या, आणि हे सगळं अशा चेहऱ्याने की जणू मी मुद्दाम हात मोडून घेतला होता. चुकलं, असं तुम्ही म्हणाला नाहीत. पण मासा आला की काटे काढून माझ्या ताटात. डाव्या हाताने मला काटे निवडता येत नव्हते, ते मी सांगितलं नव्हतं.

माझ्या लक्षात आलं ते गॅरेजात. मडगार्ड ठोकायला जीप नेली होती आणि आपण नेहमीप्रमाणे बाकड्यावर होतो. गफूरमिस्त्री गाडी फिरवायला निघाले, आणि गॅरेजातली माणसं, शेजारच्या दुकानातली, चहा प्यायला आलेली, सगळी गंमत म्हणून मागे चढली. जीप मागून खाली बसली आणि ऐटीत सरळ निघून गेली. तेव्हा मला दिसलं की दर वेळी असंच होत होतं. मिस्त्री कधी रिकामी गाडी चालवत नव्हते. आणि आपण दोघी कधी भरलेली चालवत नव्हतो, आंबे सोडले तर.

मग मी घरी आल्यावर आपल्या घरापुढच्या खळ्यात उभी असलेली जीप बाजूने बघितली. खळं सपाट. जीप मात्र नाक खाली आणि शेपूट वर. आत तेलाचा रिकामा डबा आडवा ठेवला तर तो गडगडत पुढे आला. शाळेत असताना मी रत्नागिरीत सायकल चालवायचे. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. हे मला वडिलांनी दाखवलं होतं. त्याच्यावरून मला वाटलं, जीपच्या पुढच्या चाकांचंही असंच काहीतरी असणार. ती मागे कललेली बसवलेली असणार, म्हणून वळून झाली की परत सरळ येत असणार. आपण शेपूट वर उचललं आणि ते कलणंच गेलं. आता चाकांना परत यायचं कळत नाही. भार पडला की शेपूट खाली येतं आणि चाकं पुन्हा शहाणी होतात.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विळीवर नारळ खवत होतात. तुम्ही मान वर केली नाहीत.

"पाटे मागे, स्टिअरिंग पुढे," तुम्ही म्हणालात. "मागच्याचा पुढच्याशी काय संबंध, सुधा?"

मी पुन्हा सांगितलं. डबा आणून दाखवला. बसायचा पाट मागून उचलून धरला. तुम्ही म्हणालात, तू फार हुशार झालीस. मी म्हटलं, पाटे काढून तर बघू. तुम्ही म्हणालात, पाट्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि ती आपण दोघींनी मुकाट्याने खाल्ली.

कितीतरी दिवस हेच चाललं. मी पाटे म्हटलं की तुम्ही स्टिअरिंग म्हणायचात. शेवटी मी म्हटलं, पाटे राहू देत, निदान भार टाकून बघू. विहिरीचा कठडा बांधून उरलेले जांभ्याचे चिरे मागच्या अंगणात पडून होते. माझं तोंड बंद करायला म्हणून तुम्ही ते एकटीने उचलून जीपमध्ये भरलेत. मला एका हाताने काही करता येत नव्हतं, आणि शेजारच्यांना बोलवायला तुम्ही तयार नव्हतात. लाल धुळीने तुमचं लुगडं, केस, भुवया सगळं माखलं. मग आपण सड्यावर गेलो. वारं होतं. तुम्ही गाडी सरळ रस्त्याला लावलीत, थोडा वेळ चालवलीत आणि हळूच दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचललेत. जीप सरळ जात राहिली. वळणावर तुम्ही चाक वळवून सोडून दिलंत, तर ते तुमच्या हातांखालून फिरत आपणहून जागेवर आलं.

तुम्ही गाडी थांबवलीत. समोर दूरवर समुद्र दिसत होता. मी तुमच्याकडे बघितलं नाही, कारण मला वाटलं आता तुम्ही म्हणाल आणि मी बघत असले तर तुम्हाला जड जाईल.

तुम्ही म्हणालात, "मग चिरेच ठेवू. आहेत घरचे."

माई, आता हसू येतं. तेव्हा मला उतरून चालत घरी जावंसं वाटलं होतं. आणि तुम्ही खरोखरच ठेवलेत. त्यानंतर आपण बाजाराला चिरे घेऊन गेलो, दवाखान्यात चिरे घेऊन गेलो, एका लग्नाला चिरे घेऊन गेलो. लोक विचारायचे, चिऱ्यांचा धंदा काढलात काय. चढावर जीप धापा टाकायची. पेट्रोल बेसुमार जळायचं. मी पुन्हा पुन्हा म्हणायचे की मिस्त्रीकडे चला, पाटे काढायला त्यांना फार वेळ लागायचा नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा नाही म्हणायचात. मी तुम्हाला हट्टी म्हटलं. तुम्ही मला तोंडाळ म्हणालात. दोन्ही खरं होतं.

एकदाच तुम्ही कारण सांगितलंत. मी फारच लावून धरलं होतं. तुम्ही गोठ्यात शेण काढत होतात, तशाच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलात.

"पाटे कोणी घालायला लावले? मी. चारचौघांत. मिस्त्री नको म्हणत असताना," तुम्ही म्हणालात. "ते मुंबईला बसलेले, मिस्त्री, ही सगळी वाडी, सगळे वाट बघतायत माझी चूक कधी सापडते याची. ती मी आपल्या हाताने नेऊन देऊ?"

मी म्हटलं, म्हणून चिऱ्यांखाली चिरडून मरू का?

तुम्ही पुन्हा वाकून शेण काढायला लागलात. मला तेव्हा तुमची कीव यायला हवी होती बहुतेक. आली नाही. मला एवढंच कळत होतं की ही बाई बरोबर सापडलेला दोष घरात लपवून ठेवते आहे आणि त्या दोषाबरोबर मला रोज गाडीत बसवते आहे.

निवळीच्या घाटात शेवटी व्हायचं ते झालं. एक म्हैस आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबलात, आणि मागचे चिरे घसरत पुढे आले. एक माझ्या सीटच्या पाठीवर आदळला. सीटची पाठ वाकली. हाताचं प्लास्टर निघून फार दिवस झाले नव्हते. मी खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि आलेल्या एसटीला हात केला. तुम्ही हाक मारलीत. मी चढले आणि निघून गेले.

त्यानंतर आपला अबोला झाला. जेवण वाढायचं, गुरांचं बघायचं, वाडीतलं कोणी आलं की त्याच्याशी दोघींनी बोलायचं, एकमेकींशी नाही. जीपमध्ये मी बसायची नाही. तुम्ही एकट्या जायचात, एकट्या यायचात. मला वाटायचं, आता परत याल की नाही. रस्त्यावर आवाज आला की मी हातातलं काम थांबवून ऐकायचे, आणि जीप वळणावर दिसली की पुन्हा कामाला लागायचे, तुम्हाला दिसू नये म्हणून. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

दिवाळी जवळ आली होती. एके सकाळी तुम्ही खळ्यातून मला म्हणालात, "सुधा, रत्नागिरीला जात्ये. येत्येस?" इतक्या दिवसांत पहिलं वाक्य. मी बाहेर आले. जीपमध्ये चिरे नव्हते. मागचा भाग झाडून पुसून ठेवलेला. मी थबकले. तुम्ही इंजिन चालू करून समोर बघत बसला होतात. मी चढले.

माई, मला वाडीबाहेर पडायच्या आतच कळलं. तुमचे खांदे खाली होते. तुम्ही एका हाताने चालवत होतात. सड्यावर वारं आलं तरी जीप हलली नाही, वळणं घेऊन आपणहून सरळ होत होती, आणि मागे आपल्या दोघींच्या पिशव्यांपलीकडे काही नव्हतं. मी वाट बघत बसले. जाकादेवी गेली. निवळी गेली. आता म्हणाल, मग म्हणाल. हातखंब्याच्या पुढे तुम्ही घसा साफ केलात.

"रस्ता केलाय वाटतं नवीन," तुम्ही म्हणालात.

रस्त्यावर पावसाळ्यातले खड्डे जसेच्या तसे होते. आपण त्याच क्षणी एका खड्ड्यातून गेलो. मी म्हटलं, "हो. वाटतंय तसं."

काढलेले पाटे मला नंतर गोठ्यामागे गवताखाली सापडले. मी गवत पुन्हा नीट पसरलं. दिवाळीला दादा आले, तुम्ही त्यांना जीपमधून गणपतीपुळ्याला नेऊन आणलंत, आणि विकायचा विषय त्यांनी काढलाच नाही. दोष काय होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, होता काहीतरी, गेला. पुढच्या हंगामात पेट्या भरल्या की मागची बाजू पुन्हा बसायला लागली. तुम्ही एका वेळी कमी पेट्या भरून जास्त खेपा घातल्यात. पहाटे उठून, उन्हातान्हात, एका शब्दाने न सांगता की का. तुमच्याबरोबर त्या सगळ्या खेपांना मी होते. व्यापारी पुन्हा आपल्या पडवीत बसला नाही. माझ्या नावाने पोस्टात खातं तुम्ही उघडायला लावलंत, ह्यांना न विचारता. त्याबद्दल मी तुम्हाला काहीच म्हणाले नाही. धन्यवाद वगैरे आपल्याकडे कोण म्हणतं. पण पाट्यांबद्दल मी तुम्हाला किती बोलले, आणि ह्याबद्दल एक शब्द नाही. आज ते टोचतं.

गेल्या आठवड्यात लांज्याचा एक माणूस जीप बघायला आला. दादांनीच बोलावला होता. तुम्ही गेल्यापासून ते इथेच आहेत, त्यांना ती खळ्यात उभी बघवत नाही. सकाळी दार उघडलं की ते तोंड फिरवतात. गाडीची माहिती द्यायला गफूरमिस्त्रींनाही बोलावलं होतं. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा तो माणूस विचारत होता की गडग्यावर आपटलेली हीच ना, स्टिअरिंगची तक्रार आहे असं ऐकलं. दादा म्हणाले, "गाडीत काही नाही हो. माझ्या बायकोच्या हातातच होतं जे काय ते. तिला कधी झेपलीच नाही ती." त्यांचा आवाज नीट नव्हता. ते तुमची निंदा करत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांना एवढंच माहीत होतं.

मिस्त्रींच्या हातात मी कप दिला. मी ट्रे तिथेच पायरीवर ठेवला आणि म्हटलं, "दोष गाडीतच होता. मागे जादा पाटे घातले होते, त्याने पुढचं बिघडलं. माईंच्या हातात दोष नव्हता."

दादा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "जादा पाटे कोणी घातले?"

गफूरमिस्त्री कपाकडे बघत होते. तुम्ही त्यांच्यासमोर हुकूम सोडलात तो दिवस त्यांना माझ्याइतकाच आठवत असणार. मला वाटलं होतं मी अडखळेन. अडखळले नाही.

"मी," म्हटलं. "मीच सांगितलं होतं घालायला. माई नको म्हणत होत्या."

दादांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हय दादा. धाकट्या वैनींनीच घालायला लावलं. माईंनीच मग काढून घेतलं."

"मग ती मला का बोलली नाही?" दादा म्हणाले.

"मला सांभाळून घेतलं त्यांनी," मी म्हटलं.

दादा उठले आणि जीपजवळ गेले. ताडपत्रीची सुटलेली दोरी पाठमोरे उभे राहून बांधली. मग माझ्याकडे न वळता विचारलं, "म्हणजे ती चांगली चालवायची?"

"हो," मी म्हटलं. "फार चांगली चालवायच्या."

लांज्याच्या माणसाला दादांनी चहा पाजून परत पाठवलं. विकायचं की नाही ते नंतर बघू म्हणाले.

आणि आता ऐका काय झालं ते. वाडीत बातमी पसरली. परवा भेटायला आलेल्या बायका सांगत होत्या, माईंचं मन केवढं मोठं, जावेने गाडी बिघडवून ठेवली तरी कधी तिचं नाव घेतलं नाही. माझ्यासमोर सांगत होत्या. मी मान डोलावली. दादा मला समजावतात की जाऊ दे, होतं असं माणसाच्या हातून. ह्यांचं मुंबईहून पत्र आलं आहे, तुला कोणी सांगितलं होतं नसत्या उचापती करायला. आता जन्मभर हे माझ्या नावावर राहणार, आणि तुम्ही तिकडे बसून एक अक्षरही न बोलता थोर झालात.

होऊ देत. मी शब्द फिरवणार नाही. पण आता इथे कोणी नाही. दादा बागेत गेलेत, दार लोटलेलं आहे, आणि मी कोणाला सांगायला जाणार नाही. पाटेच होते, माई. एकदा म्हणा ना.